एकाच हजेरीपटावरील दोन मुले

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग,
मुंबई.

महोदय,



ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची फिर्याद नोंदविण्यास विलंब झाला, त्या विलंबाने क्षुब्ध झालेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली, आणि शासनाने राज्यातील शाळांना जे आदेश धाडले त्यांत कॅमेरे बसविण्याचा, तक्रारपेट्या लावण्याचा, सखी सावित्री समित्या प्रत्यक्षात कार्यरत करण्याचा व शाळेत नेमलेल्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी करून घेण्याचा आग्रह धरला, हा सारा वृत्तान्त आपणांस विदित आहेच. ते आदेश अवश्य हवे होते; उशिरा आले एवढीच त्यांच्याविषयी तक्रार करता येईल. परंतु त्यांचा मुख्य रोख प्रौढ माणसाकडे आहे, मग तो शिपाई असो, वाहनचालक असो वा शिक्षक असो. ज्या प्रसंगी इजा करणारा आणि इजा सोसणारा अशा उभयतांची नावे एकाच हजेरीपटावर असतात, दोघांचे डबे एकाच व्हरांड्यात उघडतात आणि संध्याकाळी दोघेही बहुधा एकाच रिक्षातून घरी जातात, त्या प्रसंगी मुख्याध्यापकाने पहिल्या तासात, पहिल्या दिवशी आणि पुढल्या सहा महिन्यांत काय करावे, हे सलगपणे सांगणारा कागद मला अद्याप कोणत्याही शाळेच्या कपाटातून काढून दाखविण्यात आलेला नाही. पाचवीतल्या मुलाची चारित्र्यपडताळणी कोणत्या पोलीस ठाण्यातून करून आणावयाची?

प्रस्तुत पत्राची लेखिका काही काळ बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य होती. या मंडळावर एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक स्त्री असावी असे बंधन आहे, आणि कायद्याच्या कक्षेत सापडलेल्या मुलाची चौकशी तिघांनी मिळून करावयाची असते. तेथे आलेल्या कोणत्याही मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये निषिद्ध आहे, व तो निर्बंध मला मनापासून मान्य आहे. म्हणून मी कोणा एका मुलाविषयी लिहीत नसून कागदांविषयी लिहीत आहे, कारण मुले बदलतात, तालुके बदलतात, पण नस्तीत लावलेले कागद आश्चर्य वाटावे इतके एकसारखे असतात.

त्यांतला एक कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मुलाचे वय ठरविताना शाळेतील जन्मतारखेचा पुरावा आधी पाहावा असे त्याच अधिनियमाचे कलम ९४ सांगते, त्यामुळे हा दाखला जवळजवळ प्रत्येक नस्तीत असतो, आणि जन्मतारीख पाहून झाली की नजर आपोआप खालच्या रकान्यांवर जाते: अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. सत्राच्या ऐन मध्यावर, नोव्हेंबरात किंवा जानेवारीत, दिलेल्या दाखल्यावर प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली व कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे वळणदार अक्षरात लिहिलेले असते. आणि त्याच नस्तीत, त्याच मुलाविषयी, त्याने पुढच्या शाळेतील एका लहान मुलाला कर्कटकाने भोसकल्याची, चटके दिल्याची, किंवा याहून उच्चारण्यास कठीण असे काही केल्याची नोंद असते. या दोन कागदांतील विसंगती उलगडण्यासाठी परिविक्षा अधिकारी पहिल्या शाळेत जातो तेव्हा त्याला कळते की तेथेही काही घडले होते, ते शिपायापासून चिटणिसांपर्यंत सर्वांना ठाऊक होते, आणि त्यावर झालेली कार्यवाही म्हणजेच हा दाखला. ‘वर्तणूक चांगली’ हे शब्द लिहिणारा मनुष्य खोटारडा असतो असे नव्हे. अकरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर आयुष्यभराचा डाग लागू नये, एवढ्याच सद्हेतूने तो ते लिहितो, आणि तो सद्हेतू तुच्छ लेखण्याजोगा नाही. पण त्या सद्हेतूची किंमत पुढच्या शाळेतील एक अनोळखी मूल मोजीत असते, ही गोष्ट दाखल्याच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

स्पष्टच लिहावयाचे तर, एका मुलाने दुसऱ्याला गंभीर इजा केली असता आपल्या शाळांतून प्रत्यक्षात अमलात असलेली कार्यपद्धती ही एवढीच आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे कलम १६ असे सांगते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. म्हणून शाळा काढून टाकीत नाही. ती पालकांना बोलावून घेते, खुर्ची देते, चहा मागविते, संस्थेच्या नावलौकिकाचा व मुलाच्या भवितव्याचा एका श्वासात उल्लेख करते, आणि तासाभराने पालक ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा दाखला मिळावा’ असा अर्ज स्वहस्ते लिहून देतात. कायद्याचे अक्षर शाबूत राहते. याहून विषादाची गोष्ट ही की असाच अर्ज पुष्कळदा इजा झालेल्या मुलाच्या घरूनही येतो. कारण तो मुलगा वर्गात आहे म्हणून त्यांची मुलगी वर्गात बसू शकत नाही, किंवा तो गेला आहे पण त्याचे सोबती मागच्या बाकावरून तिच्याकडे पाहून कुजबुजत असतात, आणि ‘तुझ्यामुळे त्याला शाळा सोडावी लागली’ हे वाक्य मधल्या सुट्टीत तिच्या कानावर पडते. तिच्याही दाखल्यावर तेच कारण. पटावरून दोन नावे कमी होतात व प्रकरण मिटले असे मानण्यात येते.

दाखल्यापर्यंत पोहोचण्याआधीचा दिवस कसा जातो, तेही आयोगाने जवळून पाहावे. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर जो बाक असतो, त्या बाकावर दोन्ही मुले शेजारी शेजारी बसवून ठेवलेली मी पाहिली आहेत: मध्ये एका दप्तराचे अंतर, मोठ्याची मान खाली, धाकटीची नजर समोरच्या भिंतीवरील सुविचाराच्या फळ्यावर खिळलेली. दोघांचे पालक यावयाचे होते आणि शिपायाला एका जागेवरून दोघांवर नजर ठेवता येत होती, एवढाच त्या आसनव्यवस्थेमागील विचार. तत्पूर्वी त्या मुलीने आपली हकीकत प्रथम वर्गशिक्षिकेला, मग पर्यवेक्षकांना, मग मुख्याध्यापकांना सांगितलेली होती, आणि संस्थेचे चिटणीस दुपारी येणार असल्यामुळे ती पुन्हा एकदा सांगावयाची होती. प्रत्येक वेळी प्रश्न थोडा बदलतो: ‘नक्की त्यानेच का?’, ‘तू आधी काही म्हणालीस का?’, ‘मग ओरडली का नाहीस?’ आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडे आक्रसते, इतके की आईवडील येऊन पोहोचतात तेव्हा ‘काही नाही झालं, मला घरी जायचंय’ एवढेच शिल्लक राहते. मग रुजवात होते. म्हणजे मोठ्या मुलाला आत बोलावून ‘आता याच्यासमोर सांग’ असे धाकटीला फर्मावण्यात येते. मग मोठ्याला तिची माफी मागावयास, क्वचित तिच्या वडिलांच्या पाया पडावयास सांगतात, आणि शेवटी दोन्ही पक्षांची काही तक्रार नाही अशा मजकुराचा तडजोडनामा लिहिला जातो, त्यावर सह्या होतात, आणि तो कागद कपाटात कुलूपबंद होतो.

आता या दिवसाशेजारी कायदा ठेवून पाहावा. लैंगिक स्वरूपाची इजा असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळविल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंतच्या कारावासाची आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. आरोपीशी त्याची गाठ पडू देऊ नये. न्यायालयातही त्याला वारंवार बोलावू नये, अशी दक्षता त्याच कायद्याने पावलोपावली घेतली आहे. पोलीस चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवितात, आणि गुन्हा नोंदविला गेला नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते. तडजोडनाम्याला तर या कायद्यात स्थानच नाही. एका मुलाला आपले दुःख कमीत कमी वेळा उच्चारावे लागावे म्हणून संसदेने जी योजना केली, ती शाळेचे दालन दुपारच्या जेवणाआधी उधळून लावते, आणि तेही बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे, तर ‘आधी आपण शहानिशा करू, मग वर कळवू’ या जुन्या कार्यालयीन सवयीने. शहानिशा करणे हे शाळेचे कामच नाही. मूल स्वतः होऊन जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, वेळ घालून, लिहून ठेवावे, तपशिलासाठी त्याला टोकू नये, आणि कळवावे. एवढ्यावर शिक्षकाचे तपासकार्य संपते व त्याचे खरे काम, म्हणजे त्या मुलाजवळ बसणे, सुरू होते.

जाता जाता एक इशारा, कारण तो कोणी देत नाही. हल्ली असल्या प्रसंगाचे चित्रण एखाद्या तिसऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये असते, आणि ‘पुरावा जपावा’ म्हणून शिक्षक ते आपल्या फोनवर मागवून घेतात, तेथून ते पर्यवेक्षकांकडे आणि तेथून संस्थेच्या गटावर जाते. मुलांचे अश्लील चित्रण जवळ ठेवणे व पुढे पाठविणे हा पोक्सोच्या कलम १५ व माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब यांच्या कक्षेत येणारा विषय आहे. फोन बंद करून तसाच पोलिसांच्या स्वाधीन करावा, एवढी एक ओळ प्रत्येक शिक्षकखोलीत लावली तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

मूळ कायदा सदोष आहे असा माझा दावा नाही. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांविषयीचे कायदे केले. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. म्हणजे अपराध केलेल्या मुलाला तुरुंगापासून दूर ठेवावे हा विचार येथे शतकभर मुरलेला आहे. २०१५ च्या अधिनियमाने तो अधिक नेटका केला. मुलाला कोठडीत ठेवावयाचे नाही, चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावयाचे, जामीन हा नियम व नकार हा अपवाद मानावयाचा, परिविक्षा अधिकाऱ्याने घर, शाळा, शेजार पाहून सामाजिक अन्वेषण अहवाल द्यावयाचा, चौकशी साधारणतः चार महिन्यांत संपवावयाची, आणि विशेषगृहात ठेवणे अटळच झाले तरी तीन वर्षांच्या वर ठेवावयाचे नाही. सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केला असल्यास मात्र प्राथमिक मूल्यमापन करून त्याचे प्रकरण बालन्यायालयाकडे पाठविता येते.

लोकांच्या मनात मात्र या कायद्याची दोनच चित्रे उमटलेली आहेत. एक गुरुग्रामचे: सप्टेंबर २०१७ मध्ये तेथील एका शाळेत सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला, प्रथम शाळेच्या बसवाहकाला अटक झाली, आणि दोन महिन्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतले, त्याला प्रौढ मानावे की कसे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने असे मूल्यमापन मानसतज्ज्ञांच्या साहाय्याने, सूक्ष्मपणे होणे अगत्याचे असल्याचे बजावले. दुसरे पुण्याचे: मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतल्यावर सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह जामीन मिळाला, आणि तेव्हापासून मंडळावर कधीकाळी बसलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही निबंधाचा विषय विचारला जाऊ लागला. एका टोकाला खून, दुसऱ्या टोकाला निबंध. या दोहोंच्या मध्ये दररोजच्या शाळांचे, वसतिगृहांचे, आश्रमशाळांचे आणि चाळींचे जे विस्तीर्ण क्षेत्र आहे, त्याच्याविषयी ना वर्तमानपत्रे लिहितात, ना परिपत्रके.

या मधल्या क्षेत्रातील पहिली अडचण ही की दोन मुलांचे कागद पहिल्या दिवशीच एकमेकांपासून दुरावतात. पोक्सोच्या कलम ३४ प्रमाणे अपराध करणारा स्वतः बालक असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय अधिनियमाखाली चालते, म्हणजे त्याची नस्ती मंडळाकडे येते. इजा झालेल्या मुलाचा सांभाळ व सोय बालकल्याण समिती पाहते, पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ती त्याला सहायक व्यक्तीही नेमून देते. ही फारकत तत्त्वतः योग्यच आहे; एकाच माणसाने दोघांचा वकील व्हावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु सहायक व्यक्तीला परिविक्षा अधिकाऱ्याचे नाव ठाऊक नसते, परिविक्षा अधिकाऱ्याला सहायक व्यक्ती नेमली आहे की नाही हेच ठाऊक नसते, आणि ‘मुलाने पीडितेच्या जवळपास फिरकू नये’ असे जामिनाच्या हुकुमात लिहिताना दोन्ही घरांचा नळ एकच आहे, ही गोष्ट मंडळापुढे कोणी ठेवलेली नसते. हुकूम निर्दोष असतो. सकाळी सहाला पाणी आले की तो मोडतो.

दुसरी अडचण वयाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, आणि कलम २१ प्रमाणे सात ते बारा या वयात, कृत्याचे स्वरूप व परिणाम उमजण्याइतकी समज आली नसेल, तर तेही अपराध ठरत नाही. तत्त्व जुने आहे, योग्यही आहे. परंतु मुख्याध्यापक त्याचा अर्थ असा लावतात की अपराध नाही म्हणजे कळवावयाचे काही नाही. आणि पहिलीतल्या मुलीला त्रास देणारा दुसरीतला मुलगा कोणत्याच दप्तरात उतरत नाही. उलट एखादा धास्तावलेला मुख्याध्यापक सरळ पोलिसांची गाडी बोलावतो, आणि सहा वर्षांचे पोर खाकी गणवेश पाहून चड्डी ओली करते. वास्तविक अशा वयात दोन्ही मुले काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके ठरू शकतात, दोघांचाही मार्ग बालकल्याण समितीकडे जातो. त्यातही प्रत्येक गोष्ट तेथवर न्यावी असे नव्हे. सारख्या वयाची दोन लहान मुले परस्परांच्या देहाविषयी कुतूहल दाखवितात, हटकले की लाजून थांबतात, ही वाढीची रीत आहे आणि तीत पोलीस व समिती यांना शिरण्याचे प्रयोजन नाही. जेथे वयात किंवा ताकदीत ठळक अंतर आहे, जेथे धाक, आमिष किंवा ‘कुणाला सांगू नको’ आहे, जेथे थांबविल्यावरही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, तेथे ती निराळी होते. हा भेद चार वाक्यांत लिहिता येतो. प्राथमिक शिक्षकाला तो लिहून मिळालेला नसतो. (सतरा वर्षांच्या दोघांच्या परस्परसंमतीच्या प्रेमप्रकरणांनी पोक्सोच्या नस्त्या भरतात, तो विषय स्वतंत्र असून त्याची सरमिसळ येथे करू नये.)

तिसरी अडचण घराची, आणि तिच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते. इजा करणारा पुष्कळदा थोरला भाऊ असतो, चुलतभाऊ असतो, आत्याचा मुलगा असतो. अशा घरातील आईकडे कायदा दोन बाजूंनी येतो: एका हाताने तिला फिर्यादीच्या पालकाची जागा देतो, दुसऱ्या हाताने विधिसंघर्षग्रस्त बालकाचा जामीनदार म्हणून तिचाच मुचलका मागतो. सकाळी मुलीला घेऊन तिने रुग्णालयात जावयाचे आणि दुपारी मुलाला घेऊन निरीक्षणगृहाच्या आवारात बसावयाचे. दोन्हीकडे तिला जो प्रश्न विचारण्यात येतो तो एकच असतो: ‘तुमचं लक्ष कुठं होतं?’ मग नात्यातले वडीलधारे तोडगा काढतात. मुलीला मामाकडे पाठवावे. मुलगा दहावीला आहे, त्याचे वर्ष वाया जाईल. मुलगी काय, सहावीतच आहे. अशा रीतीने ज्या मुलीवर आघात झाला तिची शाळा, मैत्रिणी, आई ही सगळी एका रात्रीत सुटतात, आणि घरातून बाहेर घालविण्यात आले ते आपल्यालाच, एवढा अर्थ तिला बरोबर समजतो. क्वचित एखादे घर शहाणपणाने मुलाला मामाकडे पाठविते. पण मामाला कारण सांगत नाही, आणि मामाच्या घरी पाच वर्षांचे मूल असते. शाळेचा दाखला आणि मामाचे गाव, दोन्हींत युक्ती एकच: हलवावे आणि बोलू नये. अधिनियमात योग्य व्यक्ती पारखून तिच्याकडे मूल तात्पुरते सोपविण्याची तरतूद आहे. मामाला विश्वासात घेऊन, त्याचे घर पाहून, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ती वापरता येते. मी ती पुरेशी वापरलेली पाहिली नाही.

येथे कोणी असे विचारील की इजा करणाऱ्याची एवढी चिंता कशासाठी? कारण तोही मूल आहे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. त्याच्या अन्वेषण अहवालात बहुधा मार खाल्लेले, दुर्लक्षित राहिलेले, स्वतःवरही कधीतरी तेच झालेले, किंवा नको ते नको त्या वयात पाहिलेले बालपण आढळते. त्याने त्याच्या कृत्याचे समर्थन होत नाही, आणि असेच बालपण असलेली असंख्य मुले कोणालाही इजा करीत नाहीत. परंतु वेळेवर समुपदेशन, देखरेख व घरचा सहभाग मिळाला तर अशी बहुसंख्य मुले ते कृत्य पुन्हा करीत नाहीत, हे या क्षेत्रातील जाणकारांचे सर्वसाधारण मत आहे. म्हणजे त्याच्यावर खर्च केलेला वेळ हा पुढच्या एखाद्या मुलाच्या संरक्षणावरच खर्च झालेला असतो. दाखला देऊन घालविलेल्या मुलाला यांतले काहीच मिळत नाही. त्याला एवढेच उमगते की असे केले की शाळा बदलते.

यास्तव आयोगाने शाळा, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांच्यासाठी एक सलग कार्यपद्धती तयार करून ती शासनाकडे शिफारशीसह पाठवावी. पोक्सोच्या कलम ४४ ने त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचे काम आपल्याकडे सोपविलेलेच आहे. या कार्यपद्धतीत माझ्या मते एक गोष्ट निःसंदिग्ध असावी: जागेवर पहिला हक्क इजा झालेल्या मुलाचा. वर्ग, तुकडी, रिक्षा, वसतिगृहातील खोली, यांपैकी काहीही बदलावयाचे झाले तर ते दुसऱ्याचे बदलावे, आणि वसतिगृहात तर ती पहिलीच रात्र उलटण्याआधी. दोघांसाठी दोन निरनिराळ्या मोठ्या माणसांची नावे त्याच दिवशी लेखी ठरावीत. सहायक व्यक्ती, परिविक्षा अधिकारी आणि मुख्याध्यापक यांना जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याने पंधरा दिवसांच्या आत एकदा एका टेबलाशी बसवावे, तेथे दोषाची चर्चा न होता केवळ येण्याजाण्याच्या वाटा, वेळा व नळ यांची चर्चा व्हावी. आणि चौकशी चालू असता, किंवा शाळेने कळविल्यापासून सहा महिन्यांत, दोघांपैकी कोणाच्याही दाखल्याचा अर्ज आला तर तो बालकल्याण समितीच्या नजरेखालून जावा. अडविण्यासाठी नव्हे, तर विनंती खरोखरच पालकांची आहे किंवा नाही हे विचारण्यासाठी.

यापुढचा मुद्दा वादाचा आहे. मुलगा खरोखरच दुसऱ्या शाळेत गेला, तर त्या शाळेला काय सांगावे? काहीच सांगू नये, गोपनीयता व नव्याने आरंभ करण्याची संधी ही अधिनियमाची मूलतत्त्वे आहेत, असे माझे काही जुने सहकारी म्हणतात, आणि गावगन्ना पसरलेल्या एका कुजबुजीने मुलाचे शिक्षण कायमचे कसे सुटते हे पाहिलेल्या कोणालाही त्यांचे म्हणणे झिडकारता येणार नाही. तथापि काय घडले ते न सांगता काय काळजी घ्यावी ते सांगता येते, असे माझे मत आहे. परिविक्षा अधिकाऱ्याने केवळ नव्या मुख्याध्यापकाच्या नावे एक मोहोरबंद टिपण द्यावे, त्यात या मुलाला लहान वर्गांच्या स्वच्छतागृहाकडे एकटे सोडू नये, त्याच्याशी आठवड्याला अमुक शिक्षकाने बोलावे, समुपदेशनाची वेळ चुकवू देऊ नये, एवढाच मजकूर असावा, आणि मंडळाची कार्यवाही संपताच ते परत घेऊन नष्ट करावे. यात धोका आहे. दाखल्यावरील ‘वर्तणूक चांगली’ यातही तो आहेच, फक्त तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला गेलेला आहे.

हे सर्व करण्यास माणसे हवीत, आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या डोक्यावर किती तालुके असतात हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे आरंभ कमी खर्चाच्या कामाने करावा, अशी माझी विनंती आहे. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ च्या कलम १४ ने चौकशीच्या कामी कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आपल्याला दिलेले आहेत. त्यांचा वापर करून कोणत्याही तीन जिल्ह्यांतील, गेल्या दोन शैक्षणिक वर्षांत सत्राच्या मध्यावर दिले गेलेले आणि कारणाच्या रकान्यात ‘पालकांची विनंती’ वा ‘घरगुती अडचण’ असलेले दाखले आपण शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवावेत, त्यांतून बदली, स्थलांतर, ऊसतोडीस गेलेली कुटुंबे अशी खरी कारणे असलेले वेगळे काढावेत, आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाविषयी संबंधित शाळेस गोपनीय पत्राने विचारणा करावी. उत्तरे आली की कार्यपद्धतीत कोणती कलमे हवीत, हे निराळे सुचविण्याची गरज उरणार नाही.

दाखल्यांच्या छाननीस माणसे कमी पडत असल्यास मी विनामोबदला बसण्यास तयार आहे.

कळावे.

आपली,
बाल न्याय मंडळाची एक माजी सदस्य